तारापूरचे कर्नल : आठवीच्या मुलांना नेमकं काय सांगू?

चिंचणीची_मीनल

नमस्कार मंडळी,

मी तारापूरजवळच्या एका शाळेत आठवीला इतिहास शिकवते. येत्या १६ सप्टेंबरला परिपाठानंतर मला वीस मिनिटं मिळाली आहेत. विषय मीच मागून घेतलाय : लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, परमवीर चक्र. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, पाकिस्तानातल्या सियालकोट भागात १६ सप्टेंबरलाच ते धारातीर्थी पडले.

कारण असं झालं, की मागच्या महिन्यात वर्गात सहज विचारलं, तारापूर कशासाठी प्रसिद्ध आहे? सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, अणुऊर्जा केंद्र. एकाने एमआयडीसी सांगितलं. ज्या माणसाच्या आडनावात आपलं गाव आहे तो माणूस एकालाही माहीत नव्हता. मला फार वाईट वाटलं. पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

माझ्याकडे मोटामोटी माहिती आहे. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. शिक्षण पुण्यात, सरदार दस्तूर शाळेत. १९४२ मध्ये हैदराबादच्या संस्थानी फौजेत अधिकारी. पुढे पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे प्रमुख. मग सियालकोट भागातल्या गावांच्या लढाया : ११ सप्टेंबरला फिलोरा, १४ ला वझीरवाली, १६ ला जस्सोरन आणि बुट्टूर डोगरांदी. वय ४२.

पण हे असं वाचून दाखवलं तर पाच मिनिटांत चुळबूळ सुरू होते, आणि "शौर्य, त्याग, बलिदान" हे शब्द पोरं प्रत्येक राष्ट्रीय सणाला ऐकतात. मला त्यांच्यासमोर एक माणूस उभा करायचा आहे. तुम्ही असता तर कुठून सुरुवात केली असती?

पमाकाकू

हातगोळ्यापासून. डोळे झाकून.

सोलापुरी_चादर

काकू, जरा उलगडून सांगा की. आम्हालाही माहीत नाही.

पमाकाकू

सांगते. तारापोर तेव्हा हैदराबादच्या पायदळात नवे अधिकारी होते. रंगरूटांना हातगोळा फेकायचं शिकवणं चालू होतं. एक जवान घाबरला आणि पिन काढलेला गोळा त्याच्या हातून तिथेच, फेकायच्या खळग्यात पडला. तारापोरांनी झेप घेतली, गोळा उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला, तुकडे त्यांच्या छातीत घुसले.

हैदराबाद फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांच्यासमोर हे घडलं. त्यांनी बोलावून पाठ थोपटली. अशा वेळी माणूस काय मागेल? बढती, बक्षीस, निदान रजा. यांनी मागितलं काय, तर मला पायदळातून काढून चिलखती दलात, म्हणजे रणगाड्यांच्या दलात घाला! मिळालं तेही. हैदराबाद लान्सर्समध्ये बदली झाली आणि तिथून ते मध्यपूर्वेत दुसऱ्या महायुद्धात गेले.

आठवीच्या पोरांना हे पुरे आहे. पिन निघालेली आहे आणि हातात काही सेकंद आहेत. वर्ग श्वास रोखून ऐकेल बघ.

बंडूनाना

+१. आणि लहानपणीचा गायीचा प्रसंगही घ्या. घरची गाय दावं तोडून त्यांच्या बहिणीच्या अंगावर धावली. हा सहा वर्षांचा पोरगा काठी घेऊन मध्ये उभा राहिला आणि गायीच्या नाकावर हाणली. चिंचणीच्या मुलांना गाय म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही.

गडवेडा

मीनलताई, धाग्याबद्दल आभार. एका गोष्टीबाबत जपून राहा.

सगळीकडे वाचायला मिळतं की तारापोरांचे पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या फौजेत सरदार होते, महाराजांनी त्यांना शंभर गावं दिली, त्यातलं मुख्य गाव तारापूर, म्हणून हे आडनाव. ऐकायला गोड आहे, मलाही आवडतं. पण तारापूरचा किल्ला १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत तो घेतला, बाजी भिवराव रेठरेकर त्याच लढाईत कामी आले. मग शिवकाळात तारापूर इनाम कसं दिलं, हा प्रश्न राहतोच. इतिहासाच्या बाईंनी तो वर्गासमोर इतिहास म्हणून ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

कॅम्पातला_बावाजी

गडवेडा, तुमचं सनावळीचं गणित बरोबर आहे. पण आमच्या लोकांच्या घरात या गोष्टी कशा जपल्या जातात तेही ऐका. मी पुण्याच्या कॅम्पातला पारशी, चौथी पिढी. आमच्या घरीसुद्धा खापरपणजोबांबद्दल एक कथा आहे. तिचा कागद कुठेच नाही, पण प्रत्येक नवरोजला ती सांगितली जाते. मुलगा वयात येताना ऐकतो की आपल्या माणसाने अमक्यावेळी पाठ दाखवली नाही. त्या गोष्टीचा मुलावर परिणाम होतो, तो तर खरा असतो ना?

मीनलबेन, "त्यांच्या घराण्यात असं सांगत" या शब्दांत सांगा. वगळू नका.

गडवेडा

हे मान्य. "घराण्यात असं सांगत" म्हटलं की माझी हरकत संपली.

ऐकीव_नाही

एक अडचणीचा प्रश्न विचारतो, राग मानू नका. हैदराबादच्या फौजेत म्हणजे निजामाच्या फौजेत. १९४८ ला आपण त्याच फौजेविरुद्ध पोलीस ॲक्शन केली. मुलांनी विचारलं तर काय सांगायचं?

सोलापुरी_चादर

यावर आम्ही सोलापूरकर बोलणार! १३ सप्टेंबर १९४८ ला पहिली आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरकडूनच आत शिरली. माझे आजोबा रस्त्याच्या कडेला उभे राहून रणगाडे मोजत होते, ते शेवटपर्यंत सांगायचे. पाच दिवसांत संपलं. शरणागती कोणी दिली? वर पमाकाकूंनी सांगितले तेच एल एद्रूस. कोणी घेतली? मेजर जनरल जयंतनाथ चौधरी.

आता पुढचं बघा. १९६५ मध्ये तेच चौधरी भारताचे लष्करप्रमुख, आणि तारापोर सियालकोटला लढले ते त्याच पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनमधून. संस्थानी फौजा विलीन झाल्या आणि १९५१ मध्ये तारापोर पूना हॉर्समध्ये आले. सतरा वर्षांत एवढं सगळं वळण घेतलं. मुलांनी विचारलं तर हेच सांगा, की देश त्या वेळी नुकता जुळत होता आणि त्यात माणसंही अशीच जुळली. लपवण्यासारखं यात काही नाही.

ऐकीव_नाही

उत्तर मिळालं. चौधरींचा दुवा माहीत नव्हता, धन्यवाद.

टिकलीबिंदी

अवांतर : पूना हॉर्स म्हणजे मराठी सैनिकांची पलटण का?

दफादार_सातारा

नाही ताई. नाव पुण्याचं, कारण १८१७ मध्ये ती पुण्यात उभी राहिली, पेशव्यांशी झालेल्या तहातून आणि पेशव्यांच्याच खर्चाने. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले, पण नाव तेच राहिलं. आणि पलटण म्हणू नका, ती पायदळाची. आमच्याकडे रेजिमेंट. जवानाला सवार म्हणतात, घोडा नसला तरी. नाईकाच्या जागी लान्स दफादार, हवालदाराच्या जागी दफादार, सुभेदाराच्या जागी रिसालदार. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

मी पूना हॉर्सचा नाही, दुसऱ्या रेजिमेंटचा. पण चिलखती दलात तारापोरसाहेबांचं नाव रंगरुटीतच कानावर पडतं. बाईंना सांगण्यासारखं आहे ते लिहितो, जरा लांबेल.

रणगाडा बाहेरून बघणं वेगळं आणि आत बसणं वेगळं. मी विजयंता रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ चालवणारा होतो. तारापोरसाहेबांचा सेंच्युरियन होता, पन्नास टनांचा, त्यातही माणसं चारच : ड्रायव्हर, गनर, लोडर आणि कमांडर. आत गुडघा वळवायला जागा नाही. तोफ उडाली की रिकामी पुंगळी मागे पडते, ती इतकी तापलेली असते की पोटरीला लागली तर कातडी निघते. दारूच्या धुराने घसा धरतो. डिझेल, घाम, ग्रीस, सगळ्याचा एक वास, तो मला आजही झोपेत येतो. कानावर हेडसेट. बाहेर काय चाललंय ते गनरला फक्त एका वीतभर काचेतून दिसतं.

बाकी सगळं कमांडरवर. तो वर हॅचमध्ये, म्हणजे छताच्या झाकणाच्या तोंडाशी उभा राहतो, डोकं आणि खांदे बाहेर. हॅच लावून आत बसता येतं, पण मग दिसत नाही. शत्रूचा रणगाडा उसात आहे का झाडामागे आहे, हे ज्याला आधी दिसलं तो वाचला. म्हणून चांगला कमांडर डोकं बाहेर ठेवतो, आणि तोफगोळ्याचे तुकडे नेमके तिथेच येतात.

आता विचार करा. साहेब एका रणगाड्याचे कमांडर नव्हते, सगळ्या रेजिमेंटचे होते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस रणगाडे. ते मागे राहून वायरलेसवर हुकूम देऊ शकले असते, कुणी नाव ठेवलं नसतं. ११ तारखेला फिलोराच्या मागून हल्ला चढवायला निघाले तेव्हा वझीरवालीकडून शत्रूचे रणगाडे चालून आले. साहेब तेव्हा रेजिमेंटच्या सगळ्यात पुढे होते. जखमी झाले, मागे न्यायला आले तर नकार दिला. तशाच अंगाने १४ ला वझीरवाली, १६ ला जस्सोरन आणि बुट्टूर डोगरांदी. त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे बसले.

वायरलेसवर सगळ्यांना साहेबांचा आवाज ऐकू येतो. तो आवाज रोजच्यासारखा असला की आत बसलेल्या गनरचा हात थरथरत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

टिकलीबिंदी

दफादारकाका, वाचताना अंगावर काटा आला. पलटण शब्द परत घेते.

डॉ_निशिगंध

दफादारसाहेब, प्रतिसाद अप्रतिम. तरी एक डॉक्टर म्हणून टोचतंय ते बोलते. "जखमी असूनही मागे जायला नकार दिला" हे आपण कौतुकाने सांगतो. पण जखमी माणसाचा निर्णय बिघडू शकतो. रक्त गेलेलं, झोप नाही, वर जंतुसंसर्गाची भीती. पाच दिवस! चाळीस रणगाड्यांचा प्रमुख अशा अवस्थेत असावा का? आणि आठवीच्या मुलांनी यातून "उपचार नाकारणं म्हणजे शौर्य" असं घेतलं तर?

बंडूनाना

डॉक्टर, युद्धात ओपीडीची वेळ नसते हो.

डॉ_निशिगंध

नाना, माहीत आहे मला. माझा भाऊ सैन्यात डॉक्टर आहे. म्हणूनच विचारते.

दफादार_सातारा

डॉक्टरताईंचा प्रश्न बरोबर आहे, टाळू नये. माझं उत्तर असं. चालू लढाईत प्रमुख बदलणं म्हणजे धावत्या बैलगाडीचा बैल बदलणं. करता येतं, करावंही लागतं. साहेब पडल्यावरही रेजिमेंट लढत राहिलीच, परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात तसं लिहिलंय. पण त्या बदलात जो वेळ जातो त्यात पोरं मरतात. साहेबांनी तो हिशेब केला असणार. जखमेपेक्षा तो वेळ महाग होता. मुलांना "औषध नाकारलं" असं सांगू नका, "आपली माणसं मध्येच सोडली नाहीत" असं सांगा.

डॉ_निशिगंध

हे पटलं. मनापासून.

आकडेमोड

थोडं अप्रिय बोलतो. सन्मानपत्रात आकडा आहे, शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट आणि आपले नऊ. हा आकडा सांगाल तेव्हा "सन्मानपत्रानुसार" म्हणा, युद्धातले आकडे दोन्ही बाजूंचे कधी जुळत नाहीत. दुसरं, चाविंडा आपल्या हाती आलं नाही. फिलोरा घेतलं, पण ज्या चाविंडासाठी बुट्टूर डोगरांदीला पाय रोवले, ते शेवटपर्यंत पडलं नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली, जानेवारीत ताश्कंद करार, आणि जिंकलेली जमीन परत. मुलांना हे सांगणार का?

पमाकाकू

का सांगू नये? पोरं काय काचेची आहेत? गाव हाती न येता माणूस मोठा असू शकतो, हे तेराव्या वर्षी कळलेलं बरं.

चिंचणीची_मीनल

आकडेमोड, सांगणार. पमाकाकूंशी सहमत.

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वहीत टिपून घेतेय. चालू द्या.

अलिबागचा_माणूस

मीनलताई, बुट्टूर डोगरांदीचं नाव आलंय म्हणून लिहितो. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही असं वाटतं.

तिथे पूना हॉर्सबरोबर पायदळ होतं आठवी गढवाल रायफल्स. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड. तेही त्याच लढाईत पडले. झिराड हे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना आमच्याकडे जुनी माणसं शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. आणि झिराड कुठे आहे? अलिबाग-मांडवा रस्त्यावर. माझ्या मावशीचं गाव! लहानपणी सुट्टीत तिथे ताडगोळे खायला जायचो.

झिराडांच्या मागून त्यांचे दुय्यम मेजर अब्दुल रफी खान यांनी सूत्रं हाती घेतली, तेही पडले. वीरचक्र मिळालं.

म्हणजे पाकिस्तानी पंजाबातल्या त्या एका गावाच्या शिवारात दोन कर्नल पडले. एक पारशी, एक ज्यू. एकाच्या आडनावात तुमचं तारापूर, दुसऱ्याच्या आडनावात आमचं झिराड. दोन्ही गावं कोकणपट्टीतली, मध्ये मुंबई. मी नकाशा काढून बसलो होतो काल रात्री.

गडवेडा

अलिबागकर! हा या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. झिराडवरून मी शंभर वेळा गेलो असेन, गाडी एकदाही थांबवली नाही.

सोलापुरी_चादर

वाचनखूण साठवली.

हिरवा_देठ

याच ओघात : परमवीर चक्राचं पदकही एका मराठी सुनेने रेखाटलंय. सावित्रीबाई खानोलकर. जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या. पदकावर इंद्राची चार वज्रं आहेत, म्हणजे दधीची ऋषींच्या हाडांचं शस्त्र. आणि पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर.

टिकलीबिंदी

मग पारशी तारापोरांच्या छातीवर दधीचींची हाडं. वा.

कॅम्पातला_बावाजी

टिकलीबेन, छातीवर नाही. ते पदक घरच्यांनी घेतलं.

आणि आता मला जे लिहायचंच होतं ते लिहितो. लढाईच्या आधी तारापोरांनी मेजर चीमा नावाच्या आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं, की मी पडलो तर मला इथेच रणांगणावर अग्नी द्या. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, गळ्यातली साखळी बायकोला, अंगठी मुलीला, फाउंटन पेन मुलाला.

पारशी नसलेल्यांना पहिल्या वाक्याचं वजन कळणार नाही. आमच्यात अग्नी पवित्र, त्यात प्रेत टाकत नाहीत. देह दोखम्यात, म्हणजे गिधाडांसाठी बांधलेल्या उघड्या मनोऱ्यात ठेवायचा. माझी आजी फार कडक होती, पण तारापोरांचा विषय निघाला की म्हणायची, त्याने अग्नीला विटाळलं नाही, आपल्या माणसांचा वेळ वाचवला. लढाई चालू असताना कर्नलचा देह मागे न्यायचा म्हणजे चार जवान आणि एक गाडी गुंतणार. म्हणून त्याने मरणाआधीच ते काम उरकून ठेवलं. त्यांना तिथेच अग्नी दिला गेला.

आणि ते पेन. सुद्रे-कस्ती (आमचा पवित्र सदरा आणि कमरेचा दोरा) घालणारा, रोज प्रार्थना करणारा माणूस, खिशात पेन घेऊन रणगाड्यात चढतो. ते कुणाला द्यायचं हे त्याने ठरवून ठेवलंय. मी शिक्षक असतो तर पेन हातात धरून वर्गात उभा राहिलो असतो.

चिंचणीची_मीनल

बावाजी, हे वाचून मी स्टाफरूममध्ये उठून बाहेर गेले.

नगरी_ठसका

उशिरा आलो. नगरला आमच्या घरापासून रणगाडा संग्रहालय जवळ. (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल.) पूना हॉर्सचंच दुसरं नाव सुटलंय : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यात, पडले १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, वय २१. एका रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' रणगाडा नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. तारापोरांच्या रणगाड्याचं नाव 'खुशाब', इराणात १८५७ मध्ये याच रेजिमेंटने जिंकलेल्या लढाईवरून.

बंडूनाना

१६ सप्टेंबर आणि १६ डिसेंबर. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

हिरवा_देठ

२०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली, त्यात एक बेट तारापोरांचं. म्हणजे तारापूर आता समुद्रात पण आहे, मीनलताई.

ऐकीव_नाही

१६ तारीख होऊन गेली. ताई, काय झालं ते कळवा.

चिंचणीची_मीनल

कळवते, दोन दिवस दम खात होते.

बावाजींचं ऐकलं. शाईचं पेन घेऊन उभी राहिले आणि काहीच न बोलता ते टोपण काढून टेबलावर ठेवलं. आजकाल पोरांकडे शाईचं पेन नसतं, त्यामुळे पहिल्या बाकावरचे लगेच उठून बघायला लागले. मग सांगितलं की हे एका बाबांनी आपल्या मुलासाठी ठेवलं होतं. तिथून मागे गेले. गाय, हातगोळा, हैदराबाद, रणगाडा. दफादारकाकांची पोटरीवरची पुंगळी तशीच सांगितली, एका मुलाने नकळत आपली पोटरी चोळली. जखमेच्या ठिकाणी डॉक्टर आणि काका दोघांचीही बाजू सांगितली आणि वर्गाला विचारलं, तुम्ही काय केलं असतं? हात निम्मे-निम्मे वर आले. वीस मिनिटांची चाळीस झाली. चाविंडा मिळालं नाही हेही सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, ते हरले का?" मी म्हटलं, ते लढाई संपेपर्यंत जिवंत नव्हते, तुम्हीच ठरवा. तो अजून ठरवतोय, रोज मधल्या सुट्टीत येऊन नवीन मत सांगतो.

शेवटी महाराष्ट्राचा नकाशा लावला. एकाने तारापूरवर टिंब काढलं, एकीने अलिबागजवळ झिराडवर. तिसरीला म्हटलं, आता बुट्टूर डोगरांदी दाखव. ती नकाशाजवळ गेली, वर बघितलं, नकाशा संपला होता. मग तिने बाकावर चढून नकाशाच्या पुष्कळ वर, भिंतीवरच खडूने टिंब काढलं. वर्ग झाडणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय, ते पुसू नका.

अलिबागचा_माणूस

फोटो टाका ना त्या भिंतीचा.

दफादार_सातारा

ताई, डिसेंबरात शाळेची सहल असेल तर नगरला आणा. मी साताऱ्याहून येतो. पोरांना रणगाड्यावर हात ठेवून दाखवतो, कमांडर कुठे उभा राहतो ते.